तारीख पुढे की अलीकडे? परदेशी ईमेलवर भेट ठरवण्याचे अडीच महिने

२०२५च्या फेब्रुवारीत आमच्या वर्कशॉपमधला परदेशी ईमेलचा सगळा कारभार माझ्याकडे आला. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचं १४ माणसांचं छोटं युनिट आहे. मी तिथे १९ वर्षं हिशेब आणि डिस्पॅच बघते. बाहेरचा पत्रव्यवहार साहेबांचा पुतण्या बघायचा. ३ फेब्रुवारीपासून तो पुण्याला नव्या नोकरीवर गेला आणि जाताना एक फाइल माझ्या टेबलावर ठेवून गेला. जर्मनीहून ग्राइंडिंग मशीन समुद्रमार्गे न्हावा शेव्याला येणार होतं. ते बसवून चालू करून द्यायला तिकडचा तंत्रज्ञ येणार होता. तो कधी येणार, कुठे उतरणार, आम्ही काय काय तयार ठेवायचं, हे सगळं ईमेलवर ठरायचं होतं.

मी मराठी माध्यमात शिकले, पुढे बी.कॉम. केलं. इंग्रजी वाचलेलं कळतं, बिलं आणि चलनं रोज इंग्रजीतच करते. पण अनोळखी माणसाशी इंग्रजीत काही ठरवायचं म्हटलं की पहिल्या वाक्यालाच हात थांबायचा. माझ्यासारख्या अनेक जणी आणि अनेक जण छोट्या ऑफिसांमध्ये अशाच खुर्चीवर बसलेले असतील. त्यांच्यासाठी तारखांसकट लिहितेय.

पहिला मेल ४ फेब्रुवारीला पाठवला. जुन्या फाइलमधले मेल वाचून त्यातलीच वाक्यं उचलली. ‘वुई वॉन्ट युअर टेक्निशियन ऑन ८ एप्रिल. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट.’ ६ तारखेला दुपारी तिकडच्या सर्व्हिस विभागातल्या मॅडमचं उत्तर आलं. त्यांनी आभार मानून विचारलं होतं, ‘कुड यू प्लीज टेल मी व्हॉट एक्झॅक्टली यू नीड?’ वाक्य सभ्य होतं, पण माझे दोन दिवस गेले होते आणि त्यांना माझं म्हणणंच पोचलं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. तंत्रज्ञाचा दर दिवसाला ९५० युरो होता, म्हणजे ८५ हजार रुपयांच्या पुढे. माझ्या एखाद्या वाक्यामुळे एक दिवस जरी फुकट गेला असता तरी ते आमच्या युनिटला झेपणारं नव्हतं.

शुक्रवार आमच्या युनिटच्या सुट्टीचा वार. ७ तारखेला सकाळीच मी कोपरीत आमच्या पलीकडच्या इमारतीत राहणाऱ्या बाईंकडे गेले. बाई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यात. मला त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण आमच्या गल्लीत त्यांना सगळे बाईच म्हणतात. दोन्ही मेल छापून नेले होते. त्यांनी चष्मा लावून ते वाचले आणि पेन न उचलता मला विचारलं, “अगं, तुला मला उद्या तुझ्याकडे बोलवायचंय. चिठ्ठी लिहिलीस तर काय लिहिशील? मराठीत सांग.”

“बाई, उद्या जमलं तर याल का?”

“आणि इथे काय लिहिलंयस? आम्हाला तुमचा माणूस ८ तारखेला पाहिजे.”

मला एकदम लख्ख दिसलं. मराठीत मी असं पत्र कधीच लिहिलं नसतं. बाई म्हणाल्या, “पत्रात तू ‘कळवा’ लिहीत नाहीस, ‘कळवावे’ लिहितेस. त्या ‘वे’चं काम इंग्रजीत वुड आणि कुड करतात. ते विल आणि कॅनचे भूतकाळ आहेत असं शाळेत पाठ केलंस ना, ते इथे बाजूला ठेव. इथे ते समोरच्याला नाही म्हणायला जागा देतात.” डू द नीडफुल आणि रिव्हर्ट या दोन्हींवर त्यांनी रेघ मारली. रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं असा आहे. ‘उत्तर द्या’ या अर्थाने तो आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास चालतो, पण बाहेरच्या माणसाला तो तसा कळेलच असं नाही. तिथे सरळ ‘रिप्लाय’ लिहावं, किंवा ‘लेट मी नो’.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पुढचे अडीच महिने पुरलं. “‘मी उद्या येईन’ आणि ‘मी उद्या येतेय’ यांत फरक काय?”

मी म्हटलं, “येईन म्हणजे इच्छा आहे, बघू. येतेय म्हणजे ठरलंय.”

“आणि ८.१७ची लोकल?”

“ती सुटते. ८.१७ला सुटते.”

“झालं की मग. तुझं इंग्रजी व्याकरण इथेच आहे. आय विल कम हे आत्ता, या क्षणी मनात आलेलं किंवा दिलेला शब्द. आय ॲम कमिंग हे ठरलेलं. आणि विमानाची, गाडीची, मीटिंगची वेळापत्रकातली वेळ असेल तर साधा वर्तमान. द फ्लाइट अराइव्ह्ज ॲट वन. लोकल सुटते तसं.”

इतकी वर्षं मी ‘चालू वर्तमानकाळ म्हणजे आत्ता चाललेली क्रिया’ एवढंच धरून बसले होते. ‘वुई आर मीटिंग ऑन ट्यूसडे’ असं कोणी लिहिलं की आत्ता कुठे भेटतोय, असं वाटायचं. आपण मराठीत रोज तेच करतो हे कोणी दाखवून दिलंच नव्हतं. ही गोष्ट शाळेत पहिल्या दिवशी सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

८ तारखेला नवा मेल पाठवला. ‘वुड इट बी पॉसिबल फॉर युअर टेक्निशियन टू व्हिजिट अस इन द वीक ऑफ ७ एप्रिल? इफ नॉट, कुड यू प्लीज सजेस्ट अनदर डेट?’ शेवटी बाईंनी सांगितलेलं वाक्य, ‘आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’ या वाक्यात टूच्या पुढे हिअर नाही, हिअरिंग येतं, तेवढं वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलं होतं.

उत्तर १० तारखेला आलं. ‘आय ॲम अफ्रेड दॅट वीक इज फुल. द अर्लिएस्ट पॉसिबल डेट वुड बी ट्यूसडे, २२ एप्रिल. वुड दॅट सूट यू?’ यातल्या अफ्रेडचा भीतीशी संबंध नाही. आपण ‘क्षमस्व’ किंवा ‘खेद आहे’ लिहितो ते काम तो शब्द करतो. पुढे मला अनेकदा नाही म्हणावं लागलं, तेव्हा हाच शब्द उपयोगी पडला. साहेबांना विचारून मी २२ एप्रिल मान्य केली. २२, २३, २४ असे तीन दिवस.

या काळात उत्तरांची वाट बघण्याचं एक गणित माझ्या लक्षात आलं. ते आधी कळलं असतं तर जिवाची घालमेल कमी झाली असती. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते. आपण सकाळी साडेनऊला मेल पाठवतो तेव्हा तिकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. त्यामुळे बारापर्यंत पाठवलेला मेल त्यांना सकाळी आल्या आल्या दिसतो, आणि उत्तर आपल्याला साधारण दीडनंतर यायला लागतं. शिवाय आमची सुट्टी शुक्रवारी, त्यांची शनिवार-रविवारी. म्हणजे दोन्हीकडची ऑफिसं एकाच वेळी उघडी असतात ती फक्त सोमवार ते गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी पाठवलेल्या मेलचं उत्तर शुक्रवारी आलं तर मी ते शनिवारी वाचणार, आणि माझं त्यावरचं उत्तर मॅडम सोमवारी वाचणार. एका साध्या हो-नाहीला चार दिवस. म्हणून महत्त्वाचं काहीही मी सोमवारी सकाळीच पाठवायला लागले. आणखी एक. त्या ‘बाय द एंड ऑफ द वीक’ लिहायच्या तेव्हा त्यांच्या मनात शुक्रवार असायचा आणि माझ्या मनात रविवार. मग मी आठवडा हा शब्दच टाकून दिला आणि वार व तारीख दोन्ही लिहायला सुरुवात केली.

११ मार्चला व्हिडिओ कॉल झाला. तिकडचे सकाळचे दहा, आपले दुपारचे अडीच. त्यांनी काय काय तयार हवं ते सांगितलं: मशीनचं फाउंडेशन, थ्री फेज कनेक्शन, ६ बार दाबाची हवा, आणि मशीनच्या चारी बाजूंनी मोकळी जागा. फाउंडेशनचं काँक्रीट १७ मार्चला, सोमवारी ओतलं. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात. कंत्राटदाराने गोणपाट अंथरून दिलं आणि आमच्या वॉचमनकाकांनी त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम अंगावर घेतलं. ही २८ दिवसांची गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

कॉलनंतर तंत्रज्ञाच्या पासपोर्टचे तपशील मागवायचे होते. मी लिहिलं, ‘प्लीज सेंड द पासपोर्ट डिटेल्स टिल १४ मार्च.’ पाठवण्याआधी बाईंना व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. त्यांचा लगेच फोन आला. “टिल नाही, बाय. टिल लिहिलंस तर ती १४ तारखेपर्यंत रोज पाठवत बसेल.” चूक आपल्या भाषेतूनच येते. मराठीत ‘पर्यंत’ दोन्हीकडे चालतं. ‘शुक्रवारपर्यंत दुकान उघडं आहे’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पैसे भर’ यांत आपण एकच शब्द वापरतो आणि काय म्हणायचंय ते क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत तोपर्यंत चालू राहणारी गोष्ट असेल तर टिल किंवा अनटिल, आणि त्याच्या आत कधीतरी एकदा उरकायची असेल तर बाय. वहीत मी ‘दुकान’ आणि ‘पैसे’ असे दोनच शब्द लिहून ठेवले. आजही अडले की तेच आठवते.

१५ मार्चला निमंत्रणाचं पत्र पाठवलं. व्हिसासाठी ते लागतं. कंपनीच्या लेटरहेडवर, पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, पासपोर्ट नंबर, राष्ट्रीयत्व, येण्याचं कारण, तारखा, राहण्याचा खर्च कोण करणार, आमचा जीएसटी नंबर, साहेबांची सही आणि शिक्का. कारणाच्या ओळीत नुसतं ‘ऑफिशियल व्हिजिट’ असं मोघम लिहू नये. कोणतं मशीन आणि ते बसवण्यासाठी, हे स्पष्ट लिहावं.

हॉटेल शोधताना वेगळीच अडचण आली. जवळच्या एका लॉजने परदेशी पाहुणा म्हटल्यावर सरळ नकार दिला. परदेशी माणूस उतरला की हॉटेलला २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा फॉर्म (तेव्हाचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरावा लागतो, आणि ते त्यांच्याकडे होत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी सोय झाली. रात्रीचा दर ६,५०० होता आणि त्यावर तेव्हाचा १२ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२८०. कोणाला असं बुकिंग करायचं असेल तर पहिल्या फोनमध्येच या फॉर्मचं विचारून घ्या. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत ते आधीच मागून घेतात.

आता त्या मेलकडे येते ज्याने माझी खरी परीक्षा घेतली. २० मार्चला, गुरुवारी संध्याकाळी मी पर्स उचलून निघणार तेवढ्यात तो आला. ‘बिकॉज ऑफ द ईस्टर हॉलिडेज, वुई वुड लाइक टू ब्रिंग द व्हिजिट फॉरवर्ड बाय वन वीक. वुड दॅट वर्क फॉर यू?’

मी वाचलं आणि अर्थ लगेच लागला असं वाटलं. सुट्ट्या आल्यात, भेट एक आठवडा पुढे. आपण ‘तारीख पुढे ढकलली’ म्हणतो ना, तसंच. शिवाय महिनाभर मी प्रत्येक मेलच्या खाली लुक फॉरवर्ड लिहीत होते, आणि त्यातलं फॉरवर्ड म्हणजे येणारे दिवस हे मनात पक्कं बसलेलं. साहेबांना सांगितलं, “ते आठवडाभर उशिरा येतायत.” साहेब म्हणाले, “बरंच झालं, काँक्रीट अजून पक्कं होईल.”

शनिवारी, २२ मार्चला मी उत्तर दिलं. ‘येस, दॅट वर्क्स फॉर अस. सो वुई आर एक्स्पेक्टिंग युअर टेक्निशियन ऑन ट्यूसडे, २९ एप्रिल.’ नव्या तारखांचं निमंत्रणपत्रही जोडलं. हॉटेलला फोन करून बुकिंग बदललं.

सोमवारी दुपारी सव्वाला उत्तर आलं. ‘आय थिंक देअर इज अ मिसअंडरस्टँडिंग. वुई मेन्ट ट्यूसडे, १५ एप्रिल.’

मी तो मेल उभ्यानेच तीनदा वाचला. ब्रिंग फॉरवर्ड म्हणजे तारीख अलीकडे घेणं, ठरलेल्या दिवसाच्या आधी आणणं. आपण ज्याला प्रीपोन म्हणतो ते. प्रीपोन हा आपल्याकडचा शब्द, बाहेर तो सगळ्यांना ठाऊक नसतो, त्यामुळे त्या तो वापरणार नव्हत्या. पुढे ढकलायचं असतं तर त्यांनी पोस्टपोन, पुट ऑफ किंवा पुश बॅक लिहिलं असतं. इंग्रजीत बॅक म्हणजे उशिरा आणि फॉरवर्ड म्हणजे लवकर. मराठीत बरोबर उलट, पुढे म्हणजे उशिरा. शब्दाला शब्द लावून अर्थ काढला की नेमकं विरुद्ध टोकाला जाऊन पडतो.

मी वार आणि तारीख पूर्ण लिहिली म्हणून हे दोन दिवसांत उघड झालं. ‘येस, दॅट वर्क्स’ एवढंच लिहून थांबले असते, तर १५ तारखेला पहाटे तो माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरला असता आणि त्याला घ्यायला कोणीच नसतं. हा विचार मनात आला की आजही पोटात खड्डा पडतो.

साहेबांना सांगायला केबिनमध्ये गेले तेव्हा पाय जड झाले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “काँक्रीट?” मी कंत्राटदाराला फोन लावला. तो फोनवरच बोटांवर मोजत गेला आणि म्हणाला, “ताई, १७ मार्चपासून २८ दिवस म्हणजे १४ एप्रिल. पाणी नीट मारत असाल तर १५ला बसवा मशीन.” एका दिवसाने जमत होतं. मी बाहेर जाऊन वॉचमनकाकांना विचारलं, पाणी रोज मारताय ना. ते म्हणाले, “शुक्रवारीसुद्धा मारलं.”

२५ मार्चला मेल गेला. ‘आय ॲम सॉरी फॉर द मिसअंडरस्टँडिंग. ट्यूसडे, १५ एप्रिल, इज फाइन. द फाउंडेशन विल बी रेडी बाय मंडे, १४ एप्रिल.’ तिसरं निमंत्रणपत्र जोडलं. सुदैवाने त्या तंत्रज्ञाने व्हिसाचा अर्ज तोवर भरलेला नव्हता. माफीच्या बाबतीत बाईंचं एक सांगणं मी पाळलं. एकच वाक्य, आणि लगेच पुढे काय करतोय ते. मला चूक कशी झाली याची सगळी हकिगत लिहायची होती, मराठीतल्या फॉरवर्डचं सगळं स्पष्टीकरण द्यायचं होतं. ते सगळं खोडलं.

एवढं झाल्यावर आता काही चुकणार नाही असं वाटत होतं. ३० मार्चला, रविवारी गुढीपाडवा. सकाळी साडेसहाला मी दारात रांगोळी काढत होते, आणि त्याच वेळी युरोपात घड्याळं एक तास पुढे सरकली. तिकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हे होतं. मार्चनंतर आपल्यातलं अंतर साडेचार तासांचं साडेतीन होतं. मला हे माहीतच नव्हतं. सोमवारी ईद, वर्षअखेरीची धावपळ, आणि मंगळवारी १ एप्रिलला त्यांच्या दहा वाजताचा कॉल. मी मागच्यासारखा अडीचचा अलार्म लावून ठेवला. एक पस्तीसला डबा उघडला होता, भाजीचा पहिला घास तोंडात, आणि मोबाइलवर मेल दिसला: ‘वुई आर इन द मीटिंग. आर यू जॉइनिंग अस?’ तशीच हात धुऊन संगणकासमोर बसले. कॉल झाला, सात-आठ मिनिटं उशिरा. त्या दिवसापासून प्रत्येक मेलमध्ये दोन्ही वेळा लिहिते, ‘ॲट १० ए.एम. युअर टाइम, १.३० पी.एम. इंडियन टाइम’. हिशेब चुकला असेल तर दोघांपैकी एकाला तो दिसतोच.

मशीन ५ एप्रिलला रात्री न्हावा शेव्याहून ट्रेलरवर आलं. हायड्रा क्रेनने पेटी उतरवली. पेटीवर एक छोटं स्टिकर होतं, वाटेत पेटी कलली तर लाल होणारं. ते तसंच पांढरं होतं. सगळ्यांना पेटी उघडून बघायची घाई झाली होती, साहेबांनाही. पण मेलमध्ये लिहिलं होतं, ‘प्लीज कीप द क्रेट क्लोज्ड अनटिल अवर टेक्निशियन अराइव्ह्ज.’ अनटिल, म्हणजे दुकानवालं पर्यंत. मी पेटीवर मराठीत कागद चिकटवला, ‘१५ तारखेपर्यंत उघडू नये.’ दहा दिवस सगळे तिच्याभोवतीने ये-जा करत राहिले.

विमानाच्या वेळेचं एक सांगायलाच हवं, कारण इथे अनेकांची फसगत होते. विमान १५ तारखेला रात्री एकला उतरणार होतं. म्हणजे आपल्या बोलण्यात सोमवारची रात्र, कागदावर मंगळवार. हॉटेलचं चेक-इन दुपारी दोनचं, त्यामुळे खोली १४ तारखेपासून घ्यावी लागते, नाहीतर पाहुणा पहाटे तीनला लॉबीत बसून राहतो. हॉटेलला मी लिहिलं, ‘ही अराइव्ह्ज ॲट १ ए.एम. ऑन ट्यूसडे, १५ एप्रिल, दॅट इज, द नाइट बिट्वीन मंडे अँड ट्यूसडे.’ आणि ड्रायव्हरला सांगितलं, “दादा, सोमवारी रात्री जेवून निघायचं, घरी झोपायचं नाही.”

तंत्रज्ञ पहाटे पावणेतीनला हॉटेलवर पोचला आणि सकाळी दहाला वर्कशॉपमध्ये हजर झाला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी पेटीवरचं स्टिकर बघितलं. मग फाउंडेशनपाशी उकिडवा बसला, काँक्रीटवर तळवा फिरवला आणि विचारलं, “व्हेन डिड यू पोअर इट?” मी म्हटलं, “ऑन १७ मार्च.” त्याने मनाशी दिवस मोजले, मान हलवली आणि पेटी उघडायला सांगितलं. मशीन बसल्यावर त्याने त्यावर लेव्हल ठेवली. काचेतला तो बुडबुडा मधोमध यायला दुपारचे चार वाजले. एकेका बोल्टला तो पाव फेरा द्यायचा आणि हात मागे घेऊन थांबायचा. आमची पोरं श्वास रोखून बघत होती. १७ तारखेला संध्याकाळी पहिला जॉब ग्राइंड होऊन मापात आला. त्याच रात्री तो निघाला, १८ला पहाटेच्या विमानाने. गुड फ्रायडे होता, त्याला घरच्यांबरोबर ईस्टर करायचा होता. त्या ‘ब्रिंग फॉरवर्ड’मागचं कारण मला तेव्हा खरं कळलं.

खर्चाचं सांगायचं तर हॉटेलचे २९,१२० झाले. शेवटच्या दिवशी रात्रीपर्यंत खोली हवी असल्याने चौथ्या रात्रीचेही पैसे पडले. विमानतळाच्या दोन फेऱ्यांचे ३,६००. आधी बदललेल्या बुकिंगचे पैसे हॉटेलने लावले नाहीत. बाईंनी काहीच घेतलं नाही. मी १८ तारखेला त्यांच्याकडे पेढे घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझी वही मागून घेतली आणि कोपऱ्यात एक ओळ जोडली: ॲट वेळेला, ऑन वाराला आणि तारखेला, इन महिन्याला. “आपल्याकडे दहाला, एप्रिलला, सगळीकडे ‘ला’ चालतं,” म्हणाल्या, “म्हणून घोळ होतो.”

मशीनची पहिली सर्व्हिस सहा महिन्यांनी. या सोमवारी मॅडमचा मेल आला, ‘वुड द वीक ऑफ २० ऑक्टोबर सूट यू?’ त्या आठवड्यात दिवाळी आहे. मी लिहिलं, ‘आय ॲम अफ्रेड वुई आर क्लोज्ड दॅट वीक फॉर दिवाली. वुड ट्यूसडे, २८ ऑक्टोबर, सूट यू इन्स्टेड?’ आणि खाली, २६ तारखेला त्यांची घड्याळं मागे जातात म्हणून, दोन्हीकडच्या वेळा. काल गुरुवारी बाराच्या आत तो पाठवला. आज शुक्रवार, युनिट बंद. उत्तर आलं असेल तर उद्या सकाळी वाचेन.